पक्ष नसलेल्या विधानसभेतली साडेनऊ वर्षे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महाराष्ट्रात एखादा पक्ष फुटला, आमदार रातोरात परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसले, की वाचकांच्या पत्रांत एक सूचना हमखास येते : पक्षच नकोत. प्रत्येकाने अपक्ष म्हणून उभे राहावे आणि निवडून आलेल्या सभागृहाने आपल्यातून नेता निवडावा. विनोबा आणि जयप्रकाश यांनी मांडलेल्या पक्षविरहित लोकशाहीचीच ही आठवण, आणि सूचना करणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण अशी विधानसभा खरोखर चालवली तर काय होते, हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात ती १९९९ पासून चालू आहे. तिथले पहिले मुख्यमंत्री पॉल ओकालिक साडेनऊ वर्षे पदावर राहिले, आणि त्या विधानसभेत त्यांच्या पाठीशी कोणताही पक्ष नव्हता. ‘पहिले इनुइट (आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांपैकी) मुख्यमंत्री’ एवढ्या एका ओळीत त्यांची ओळख आटोपली जाते. त्या ओळीतून काहीच हाती लागत नाही. ज्या प्रदेशात सुमारे ८५ टक्के लोक इनुइट आहेत तिथे मुख्यमंत्री इनुइट होणे स्वाभाविकच होते. समजून घ्यायचे ते हे, की त्यांनी मते कशी जमवली आणि मते जमूनही कामे कुठे अडली.

प्रदेशाची ओळख थोडक्यात. नुनावुत आधी ज्याचा भाग होता त्या वायव्य प्रदेशांचे विभाजन करावे का, यावर १९८२ साली सार्वमत झाले आणि सुमारे ५६ टक्क्यांनी होकार दिला. त्यानंतर अकरा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि मे १९९३ मध्ये इनुइट आणि कॅनडाचे केंद्र सरकार यांच्यातल्या भूमी-हक्क करारावर सह्या झाल्या. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी, चौदा वर्षांत मिळून ११४ कोटी ८० लाख डॉलर आणि स्वतःचा वेगळा प्रदेश, असा तो सौदा होता. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आले. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. लोकवस्ती तेव्हा २७ हजारांच्या आसपास, २०२१ च्या जनगणनेत ३७ हजारांच्या जवळ. गावे २५, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. माणसे विमानाने जातात, जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने येते. एक गोष्ट आपल्याकडे नेहमी चुकीची लिहिली जाते : हे फक्त इनुइटांचे सरकार नाही. वर्षभर तिथे राहिलेल्या कोणत्याही प्रौढ कॅनेडियन नागरिकाला मताचा अधिकार आहे. इनुइटांनी वेगळी वांशिक सत्ता न मागता, आपले बहुमत असलेले सर्वांचे सरकार मागितले. सगळी घडण या निवडीवर उभी आहे.

आता कामाची पद्धत. सगळे उमेदवार अपक्ष. निकालानंतर काही दिवसांनी निवडून आलेले सदस्य राजधानी इकालुइटमध्ये ‘नेतृत्व सभे’साठी जमतात. ही सभा खुली असते, लोक समोर बसून ऐकतात. आधी अध्यक्ष निवडला जातो. मग मुख्यमंत्रिपदासाठी नावे सुचवली जातात, प्रत्येक इच्छुक भाषण करतो, इतर सदस्य त्याला प्रश्न विचारतात आणि मग गुप्त मतदान होते. कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर सर्वांत कमी मते मिळवणारा बाद होतो आणि पुन्हा मतदान घेतले जाते. इथवर सरळ आहे. खरा फरक पुढच्या पायरीवर पडतो. मंत्रीसुद्धा सभागृहच गुप्त मतदानाने निवडते. मुख्यमंत्र्याने फक्त खाती वाटायची. आपल्या मंत्रिमंडळात कोण असावे हे त्याच्या हातात नसते आणि मंत्र्याला काढून टाकण्याचा अधिकारही सभागृहाचाच असतो. मुख्यमंत्री फार तर त्याची खाती काढून घेऊ शकतो.

पहिल्या विधानसभेत १९ जागा होत्या. त्यांतला एक अध्यक्ष, मुख्यमंत्री धरून आठ मंत्री आणि मंत्रिमंडळाबाहेर दहा सदस्य. आठ विरुद्ध दहा. ही त्रुटी नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे. सभागृहात सगळे हजर असले तर सरकारला स्वतःची आठही मते धरून आणखी दोन मते बाहेरून आणावी लागत. प्रत्येक विधेयकाला आणि प्रत्येक अर्थसंकल्पाला हाच हिशेब. पुढे २०१३ पासून जागा २२ झाल्या, मंत्री एखादा वाढला, तरी मंत्रिमंडळ अल्पमतातच राहते. पक्षादेश नसल्यामुळे ती दोन मते दर वेळी नव्याने, माणूस पाहून मिळवावी लागतात. एकाला आपल्या गावच्या धावपट्टीची काळजी असते, दुसऱ्याला शाळेची, तिसऱ्याला डिझेलवर चालणाऱ्या वीजकेंद्राची. स्थायी समित्यांवर फक्त मंत्रिमंडळाबाहेरचे सदस्य असतात. खात्यांच्या खर्चाचे मसुदे सभागृहात येण्याआधी या समित्या बंद दाराआड तपासतात. त्यामुळे सभागृहात आवाज चढलेला क्वचितच ऐकू येतो. नारव्हाल या आर्क्टिकमधल्या लांब सुळ्याच्या देवमाशाच्या सुळ्यापासून केलेला राजदंड आपल्या जागी शांत पडून असतो, तो पळवायला कोणी धावत नाही. पण या शांततेवरून मतभेदच नाहीत असे समजणे चूक आहे. भांडण आधीच, समितीच्या खोलीत झालेले असते आणि त्याची नोंद मतदाराला वाचायला मिळत नाही.

या सभागृहात ओकालिक आले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. जन्म १९६४ चा, बॅफिन बेटावरच्या पांगनिरटुंग गावचा. भूमी-हक्काच्या वाटाघाटींत इनुइटांच्या बाजूने त्यांनी काम केले, मग कार्लटन विद्यापीठाची पदवी आणि १९९७ मध्ये ओटावा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. नुनावुतचे पहिले इनुइट वकील तेच. तरुणपणी दारूच्या विळख्यातून बाहेर पडल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे, आणि या गोष्टीचा त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वळणाशी थेट संबंध आहे. १५ फेब्रुवारी १९९९ ला ते इकालुइट वेस्टमधून निवडून आले. १८ दिवसांनी, ५ मार्चला, नेतृत्व सभेने त्यांना मुख्यमंत्री केले. समोर जॅक अनावाक होते : माजी खासदार, आणि प्रदेश स्थापनेच्या तयारीसाठी नेमलेले हंगामी कमिशनर. पुष्कळांना तेच मुख्यमंत्री होतील असे वाटत होते. अनुभव त्यांच्याकडे जास्त होता. तरीही सभागृहाने कराराचा मसुदा कलमाकलमाने जाणणारा तरुण निवडला, आणि त्या वेळी हातात असलेले काम पाहता मला ती निवड योग्य वाटते. नव्या सरकारचे पहिले काम म्हणजे करारात लिहिलेले प्रत्येक वचन ओटावाकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, वसूल करणे, हेच होते.

हरलेले अनावाक बाहेर राहिले नाहीत. त्याच सभागृहाने त्यांना मंत्री म्हणून निवडले. म्हणजे प्रतिस्पर्धी चार वर्षे शेजारच्या खुर्चीवर. २००३ मध्ये रँकिन इनलेटमधल्या काही सरकारी नोकऱ्या दुसऱ्या गावी हलवण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. अनावाक तिथलेच आमदार, त्यांनी त्याला उघड विरोध केला. ओकालिक यांनी खाती काढून घेतली, पण मंत्रिपद काढण्यासाठी ठराव घेऊन सभागृहापुढे जावे लागले. सभागृहाने तो मंजूर केला. या प्रसंगात पद्धतीचे दोन्ही गुण दिसतात. मंत्र्याला मतदारसंघ आधी आणि मंत्रिमंडळ नंतर, असे वाटण्याला इथे मोकळीक जास्त आहे, कारण त्याला तिकीट कापले जाण्याची भीती नाही. आणि त्याला शिक्षा करायची तर मुख्यमंत्र्याला आपली बाजू सर्वांसमोर मांडावी लागते.

कायद्यांच्या बाबतीत ओकालिक यांची कामगिरी भक्कम आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये मानवी हक्कांचा कायदा झाला. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम त्यात होते आणि त्यावर सभागृह जवळजवळ दुभंगले. थोडक्या मतांच्या फरकाने तो मंजूर झाला. चर्चचा प्रभाव असलेल्या प्रदेशात, पक्षादेश नसताना, एकेका सदस्याला पटवून हे करणे सोपे नव्हते. २००४ च्या निवडणुकीनंतर टागाक कर्ली यांच्यासारख्या जुन्या, मानाच्या इनुइट नेत्याला मागे टाकून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. दुसऱ्या कार्यकाळाच्या अगदी शेवटी, सप्टेंबर २००८ मध्ये, इनुइट भाषा संरक्षणाचा कायदा आणि शिक्षण कायदा असे दोन मोठे कायदे मंजूर झाले. शिक्षण कायदा करण्याचा पहिल्या विधानसभेतला प्रयत्न फसला होता. मोठे कायदे मुदतीच्या टोकाला का होतात, असा प्रश्न पडेल. प्रत्येक कलमावर दोन बाहेरची मते मिळवायची तर वेळ लागतोच, आणि निवडणूक जवळ आली की ‘काहीच झाले नाही’ असे सांगत गावी जाणे कोणालाच परवडत नाही.

अपयशांवर मला जास्त लिहायचे आहे, कारण तीच आपल्याला उपयोगी आहेत.

पहिले अपयश लहान, पण बोलके. नुनावुत तीन कालपट्ट्यांत पसरले आहे. कारभार सोपा व्हावा म्हणून ऑक्टोबर १९९९ च्या अखेरीस सगळ्या प्रदेशाला एकच, मधल्या पट्टीची वेळ लावण्यात आली. पूर्वेकडच्या गावांत आधीच हिवाळ्याचा दिवस काही तासांचा. तिथे घड्याळ एक तास मागे गेल्याने सूर्य आणखी लवकर मावळू लागला. काही गावांनी ते घड्याळ मानलेच नाही. सरकारी कचेरीची वेळ एक आणि गावाची दुसरी, असे दिवस आले. वर्षभरात इकालुइटचे घड्याळ पूर्ववत झाले आणि पुढे जुन्या पट्ट्याच परत आल्या. सभागृहात एकमत करणे आणि २५ गावांचे एकमत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे अपयश विकेंद्रीकरणाचे. सगळी सत्ता इकालुइटमध्ये साठू नये म्हणून सरकारी खात्यांचे विभाग आणखी दहा गावांत नेण्याची योजना प्रदेश स्थापन होण्याआधीच आखली होती. ओकालिक यांनी ती मनापासून राबवली. पद गावात हलवता येते, पण त्या पदावरच्या माणसाला राहायला घर लागते. गोठलेल्या जमिनीवर घर खांबांवर उभे करावे लागते, लाकूड-पत्रा-खिळे सगळे वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजातून आणावे लागते, आणि जहाज चुकले की बांधकाम पुढच्या उन्हाळ्यावर जाते. घर नाही म्हणून पद रिकामे आणि पद रिकामे म्हणून कचेरी नावापुरती, असे अनेक गावांत झाले. नोकरीला तिथल्याच माणसाला घ्यावे, तर हिशेबनीस, अभियंता, परिचारिका अशा शिक्षणाची माणसे पुरेशी तयार झालेली नव्हती.

तिसरे अपयश याच्याच मुळाशी आहे, आणि ते सर्वांत गंभीर. कराराच्या २३ व्या कलमानुसार सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाएवढे, म्हणजे सुमारे ८५ टक्के, व्हायला हवे. ते पन्नाशीच्या आसपास अडकून राहिले. २००६ मध्ये माजी न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांनी मध्यस्थ म्हणून दिलेल्या अहवालात कारण स्पष्ट लिहिले : शंभरातली सुमारे २५ इनुइट मुलेच शालेय शिक्षण पूर्ण करतात. लहान वर्गांत मातृभाषा आणि मग एकदम इंग्रजी, यामुळे मुले धड कोणत्याच भाषेत पक्की होत नाहीत. उपाय म्हणून त्यांनी बारावीपर्यंत दोन्ही भाषांतून शिक्षण सुचवले. २००८ च्या शिक्षण कायद्याने ते २०१९-२० पर्यंत करण्याचे वचन दिले. वचन मोडले. इनुइट भाषेत शिकवू शकणारे शिक्षक पुरेसे नव्हते, आणि शिक्षक व्हायला आधी शालेय शिक्षण पूर्ण केलेली मुले लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये विधानसभेने कायदा बदलून वरच्या वर्गांची मुदत २०३९ वर नेली. यात पक्षाचा किंवा पक्ष नसण्याचा दोष नाही. कायद्यात तारीख घालताना वर्षाला किती शिक्षक तयार होतील याचा आकडा मागितला गेला नाही, हा दोष आहे. स्थायी समितीत तो प्रश्न विचारायला दहा मोकळी माणसे होती. त्यांनी तो नेटाने लावून धरला असता तर २०१९ ऐवजी खरी तारीख तेव्हाच पुढे आली असती.

पैशाचे बंधनही विसरू नये. नुनावुत सरकारच्या दहा डॉलरमधले सुमारे नऊ डॉलर केंद्राकडून येतात. करार पाळला नाही म्हणून इनुइट संस्थेने डिसेंबर २००६ मध्ये केंद्रावर शंभर कोटी डॉलरचा दावा लावला. मे २०१५ मध्ये तो २५ कोटी ५५ लाख डॉलरवर मिटला.

नोव्हेंबर २००८ मध्ये ओकालिक यांचे मुख्यमंत्रिपद गेले. आपल्या मतदारसंघात इकालुइटच्या तेव्हाच्या महापौर एलिसापी शेउतिआपिक यांना थोड्या फरकाने हरवून ते निवडून आले होते. पण १४ नोव्हेंबरच्या नेतृत्व सभेत सदस्यांनी ओकालिक आणि कर्ली या दोघांनाही बाजूला ठेवून इवा आरिआक यांना निवडले. आरिआक पूर्वी प्रदेशाच्या भाषा आयुक्त होत्या. त्या पहिल्यांदाच आमदार झाल्या होत्या, आणि त्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आलेल्या त्या एकमेव महिला. नुनावुतच्या पहिल्या सहा मुख्यमंत्र्यांपैकी तिघे, म्हणजे ओकालिक, आरिआक आणि २०२१ मध्ये आलेले पी. जे. अकीआगोक, पहिल्यांदा निवडून येताच मुख्यमंत्री झाले. पक्षांच्या उतरंडीत हे जवळजवळ अशक्य आहे.

पायउतार झालेल्या मुख्यमंत्र्याचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे. ओकालिक साधे सदस्य म्हणून बसले. २०१० मध्ये त्याच सभागृहाने त्यांना अध्यक्ष केले. २०११ मध्ये राजीनामा देऊन ते लिबरल पक्षातर्फे लोकसभेसारख्या केंद्रीय सभागृहासाठी उभे राहिले आणि एकेकाळी त्यांच्याच मंत्रिमंडळात असलेल्या लिओना अग्लुक्काक यांच्याकडून हरले. केंद्राच्या निवडणुकीत पक्ष आहेतच, तिथे व्यक्तीचा अनुभव तेवढा चालला नाही. २०१३ मध्ये इकालुइट-सिनामधून ते विधानसभेत परतले आणि मंत्री झाले. मार्च २०१६ मध्ये इकालुइटमध्ये बिअर आणि वाईनचे सरकारी दुकान उघडण्याच्या निर्णयावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. जनमत दुकानाच्या बाजूने होते, मोठ्या फरकाने. त्यांचे म्हणणे इतकेच, की व्यसनमुक्तीचे निवासी केंद्र प्रदेशात एकही नसताना दुकान आधी का? मला हा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत सरळ निर्णय वाटतो. पदावर राहून मंत्रिमंडळाविरुद्ध बोलणे त्यांनी २००३ मध्ये दुसऱ्याला चालू दिले नव्हते. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी तोच नियम पाळला आणि बाहेर पडून बोलले. २०१७ मध्ये शेउतिआपिक यांनी त्यांचा पराभव केला.

मुख्यमंत्र्याला मुदतीआधी खाली खेचण्याचे साधनही या पद्धतीत आहे. जून २०१८ मध्ये पॉल क्वासा यांना अविश्वास ठरावाने पदावरून दूर केले गेले, निवडीनंतर जेमतेम सात महिन्यांत. सरकार पडले नाही, निवडणूक झाली नाही, कोणी कुठल्या हॉटेलात गेले नाही. सदस्यांनी मिळून आपल्यातलाच दुसरा नेता, जो साविकाताक, निवडला, आणि २०२० मध्ये हेच क्वासा विधानसभेचे अध्यक्ष झाले.

मग मतदाराचे काय? इथे माझा आक्षेप आहे, आणि पक्ष नकोत म्हणणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा. नुनावुतचा मतदार फक्त आपला आमदार निवडतो. सरकार नापसंत असेल तर ते बदलण्यासाठी त्याच्या हातात काही नाही. आपल्या गावचा मंत्री पाडला तरी बाकीचे मंत्रिमंडळ परत येऊ शकते. जाहीरनामा निवडणुकीनंतर सगळे सदस्य मिळून लिहितात, आधी नाही. त्यामुळे कशासाठी मत दिले, हे मतदाराला नंतर कळते.

महिलांच्या बाबतीतही पक्ष नसण्याची किंमत दिसते. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष निवडावा, असा प्रस्ताव मे १९९७ मध्ये सार्वमतास आला होता. सुमारे ५७ टक्क्यांनी तो नाकारला. मतदानच ३९ टक्क्यांच्या आसपास झाले. १९९९ च्या विधानसभेत एकच महिला आली, मॅनिटोक थॉम्प्सन, आणि त्यांचा स्वतःचा त्या प्रस्तावाला विरोध होता. उमेदवारी देणारा पक्षच नसेल तर महिलांना उभे करा असा आग्रह धरायचा कोणाकडे? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत आणि ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसते. तिथे बिनपक्षाच्या निवडणुकीतही महिला दिसतात त्या कायद्यातल्या राखीव जागांमुळे.

नुनावुतची जमीन आणि खनिजे यांचा मोठा भाग अजून केंद्राच्या ताब्यात आहे. तो प्रदेशाकडे यावा म्हणून वाटाघाटींच्या आराखड्यावर ओकालिक यांनी सप्टेंबर २००८ मध्ये, पद जाण्याच्या दोन महिने आधी, सही केली. त्यानंतर पाच मुख्यमंत्री आले, एकानेही ते काम सोडले नाही, आणि अंतिम करारावर जानेवारी २०२४ मध्ये अकीआगोक यांनी सही केली. हस्तांतर १ एप्रिल २०२७ रोजी व्हायचे आहे. त्या दिवसापासून खाणींच्या परवान्यांचे आणि स्वामित्वधनाचे निर्णय या २२ अपक्ष सदस्यांच्या सभागृहाकडे येतील. खाणकंपन्यांशी बोलणी करणारे भूगर्भतज्ज्ञ, वकील आणि हिशेबनीस नुनावुतला तोवर हवे आहेत, आणि त्यांतले किती जण तिथल्याच शाळांतून आलेले असतील, हे बर्जर यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या त्याच अडचणीवर अवलंबून आहे. आपल्या दैनिकाने त्या तारखेच्या आसपास आर्क्टिकवर काही छापायचे ठरवले, तर बर्फ आणि खनिजांबरोबर या विधानसभेच्या कामकाजाचे इतिवृत्तही पाहावे. ते इंग्रजीत आणि इनुक्तितुत या इनुइट भाषेत प्रसिद्ध होते.

आपला,
कॅनडास्थित एक मराठी वाचक
ओटावा